आकाशांतला डोळा आणि किनाऱ्यावरचा कान

समुद्रावर उठणारें वादळ किनाऱ्यावरील मनुष्यास नेहमींच उशिरां दिसत आलें आहे. आकाशाचा रंग पालटतो, वारा दिशा बदलतो, लाटांचा आवाज जड होतो आणि अनुभवी कोळी आपली नाव वर ओढून घेतो. परंतु निसर्गाची ही सूचना फार तर कांहीं घटकांची असते. शेंकडों मैलांवर जन्मलेलें संकट घरांत शिरण्यापूर्वीं कोणी तरी तें वरून पाहावें, आणि पाहणाऱ्यानें खालच्या मनुष्यास वेळेवर हांक मारावी, एवढीच वस्तुतः किनाऱ्यावर राहणाऱ्यांची फार जुनी इच्छा. या इच्छेचा पहिला भाग, म्हणजे वरून पाहण्याचा, गेल्या दीडशें वर्षांत आश्चर्यकारक रीतीनें पुरा झाला. हांक मारण्याचा दुसरा भाग, आणि त्या हांकेवर विश्वास बसण्याचा तिसरा भाग, हे मात्र तितके सोपे ठरले नाहींत. पाहणें, सांगणें आणि ऐकणें या तिहींची झालेली ताटातूट व फार मोठी किंमत मोजल्यानंतर घडून आलेली त्यांची भेट, हाच बंगालच्या उपसागराच्या कांठचा एक शिकण्यासारखा इतिहास होय.

हा उपसागर जगांतील सर्वांत घातक सागरांपैकीं एक समजला जातो. याचें कारण असें नाहीं कीं येथें सर्वांहून अधिक वादळें होतात. पॅसिफिक महासागरांत तीं याहून कितीतरी अधिक होतात. परंतु या उपसागराचा आकार उत्तरेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या नाळक्यासारखा आहे, त्याच्या टोंकाशीं समुद्राचा तळ उथळ आहे, आणि त्या टोंकावर गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांनीं आणून टाकलेल्या गाळाचा सपाट, सुपीक व दाट वस्तीचा प्रदेश आहे. चक्रीवादळाचा वारा समुद्राचें पाणी आपल्यापुढें ढकलीत आणतो; खोल समुद्रांत त्या पाण्यास खालून परत जाण्यास वाव असतो, उथळ तळावर तो राहत नाहीं, आणि मग तें पाणी भिंतीसारखें चढत जमिनीवर येतें. त्याच वेळीं जर समुद्रास भरती असेल, तर अनर्थास पारावार राहत नाहीं. वादळांत माणसें मरतात तीं बहुतेक वाऱ्यानें नव्हेत, तर या पाण्यानें, ही गोष्ट ध्यानांत ठेविल्यावांचून पुढील इतिहास नीट समजणार नाहीं.

या वादळांचा शास्त्रीय दृष्टीनें प्रथम पाठपुरावा करणाऱ्यांत हेन्री पिडिंग्टन याचें नांव अग्रगण्य आहे. हा एके काळचा जहाजाचा कप्तान. पुढें तो कलकत्त्यास स्थायिक झाला व तेथील सागरी चौकशीच्या न्यायमंडळाचा अध्यक्ष झाला. वादळांत सांपडलेल्या जहाजांच्या रोजनिशा गोळा करणें, त्यांतील वाऱ्याच्या दिशा नकाशावर मांडणें आणि त्यांवरून वादळाचें रूप ओळखणें, हा त्याचा व्यासंग. वाऱ्यांचे बाण कागदावर मांडतां मांडतां त्याच्या मनासमोर वेटोळें घालून बसलेल्या सर्पाची आकृति उभी राहिली, आणि त्यानें त्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या वादळांना ‘सायक्लोन’ हें नांव दिलें. १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळें तें जगभर रूढ झालें. पिडिंग्टननें वादळ वरून कधींच पाहिलें नव्हतें. पाहणें शक्यही नव्हतें. तथापि, बुद्धीच्या साहाय्यानें तो जणूं आकाशांत चढला होता, आणि तेथून त्याला जें वेटोळें दिसलें, तेंच पुढें शंभरांहून अधिक वर्षांनीं यंत्राच्या डोळ्यास दिसलें.

याच पिडिंग्टननें १८५३ सालीं गव्हर्नर जनरल डलहौसी यांस एक प्रकट पत्र लिहिलें. मातला नदीच्या कांठीं सरकार नवें बंदर वसवूं पाहत होतें. तें स्थळ वादळी पाण्याच्या तोंडावर असून, एके दिवशीं समुद्र चढून येईल व सर्व वस्ती उध्वस्त करील, असें त्यानें स्पष्ट बजावलें होतें. बंदर बांधलें गेलें व त्यास कॅनिंग हें नांवही मिळालें. १८६७ च्या नोव्हेंबरांत वादळ आलें, आणि थोड्याच वर्षांत तें बंदर सोडून द्यावें लागलें. पिडिंग्टन त्यापूर्वींच, १८५८ सालीं, मरण पावला होता. ज्यानें संकट आधीं पाहिलें, त्याचें म्हणणें ज्यांनीं ऐकावयाचें त्यांनीं ऐकलें नाहीं. या दीर्घ कथेचा पहिला धडा असा आरंभींच लिहिला गेला.

१८६४ च्या ऑक्टोबरची ५ तारीख कलकत्त्याच्या इतिहासांत काळी ठरली. हुगळीच्या मुखांतून चढलेल्या पाण्यानें व वाऱ्यानें सुमारें साठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. बंदरांतील जहाजें दोऱ्या तुटून कांठावर फेंकलीं गेलीं. पुढच्याच महिन्यांत मच्छलीपट्टणास तसाच आघात झाला. तेव्हां सरकारास जाग आली. १८६५ सालीं कलकत्ता बंदराकरितां वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ सालीं सबंध हिंदुस्थानाकरितां हवामानखातें स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे प्रमुख झाले. किनाऱ्यावरील वेधशाळांतून वायुभारमापकांचीं वाचनें तारायंत्रानें येऊं लागलीं. तरीही १८७६ च्या ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्रीं बाकरगंजच्या किनाऱ्यावर समुद्र चढला, आणि बुडून मेलेल्यांचा व मागाहून आलेल्या रोगांनीं गेलेल्यांचा आंकडा दोन लाखांच्या घरांत गेला. हा दोष खात्याच्या हुशारीचा नव्हे. तार जमिनीवरून धांवत होती आणि वादळ समुद्रांत वाढत होतें. भर समुद्रांत काय चाललें आहे तें सांगावयास कोणी नव्हतें. जें जहाज वादळाच्या पोटांत सांपडे, तेंच त्याची खरी बातमी जाणे, आणि बहुधा तेंच ती सांगावयास परत येत नसे.

इकडे वरून पाहण्याची विद्या अगदीं निराळ्या हौसेंतून जन्मास येत होती. १८५८ सालीं नादार या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ दोरीनें बांधलेल्या बलूनमधून जमिनीचें छायाचित्र घेतलें. योगायोग असा कीं पिडिंग्टन ज्या वर्षीं गेला, त्याच वर्षीं ही घटना घडली. १८६० सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहराचें तसेंच चित्र घेण्यांत आलें. परंतु आपत्तीच्या इतिहासांत अधिक महत्त्वाचें चित्र १९०६ सालचें आहे. त्या वर्षीं एप्रिलच्या १८ तारखेस भूकंपानें व पाठोपाठ लागलेल्या आगीनें सॅन फ्रान्सिस्को शहराची राखरांगोळी झाली. त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं जॉर्ज लॉरेन्स या छायाचित्रकारानें पतंगांची एक माळ उडविली, तिच्याखालीं एक अवजड कॅमेरा टांगला, आणि सुमारें दोन हजार फुटांवरून त्या उद्ध्वस्त नगराचें विस्तीर्ण चित्र घेतलें. रस्त्यांचे सांगाडे, जळक्या घरांच्या रांगा आणि त्यांच्यापलीकडे शांतपणें चकाकणारी समुद्राची खाडी, हें सारें त्यांत एका दृष्टिक्षेपांत आलें. जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्यास ढिगारे दिसत होते. वरून पाहणाऱ्यास नगर दिसत होतें. संकटाची व्याप्ति किती, हें जमिनीवरून कळत नाहीं, हा मोठा बोध त्या चित्रानें करून दिला. मात्र तें चित्र संकट होऊन गेल्यानंतरचें होतें. त्यानें हानि मोजतां आली, टाळतां आली नाहीं.

पहिल्या महायुद्धांत विमानांतून शत्रूच्या खंदकांचीं चित्रें घेण्याची कला फार वाढली, आणि शांततेच्या काळांत तीच कला नकाशे, पूर व जंगलें यांच्या पाहणीकडे वळली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ च्या जुलईंत, जोसेफ डकवर्थ या अमेरिकन सैन्याधिकाऱ्यानें टेक्सासच्या किनाऱ्याशीं आलेल्या चक्रीवादळांत लहानसें विमान मुद्दाम घातलें, त्याच्या मध्यांतील निवांत डोळ्यापर्यंत तो पोंचला आणि सुखरूप परतला. तेव्हांपासून वादळांत विमानें पाठवून त्यांचें सामर्थ्य मोजण्याची पद्धति पडली. परंतु विमान पाठवावयाचें तर वादळ कोठें आहे हें आधीं ठाऊक असावें लागतें, आणि बंगालच्या उपसागरासारख्या विस्तीर्ण जागीं रोज पहारा ठेवणें विमानांच्या आटोक्यांतलें नव्हतें. याच सुमारास हिंदुस्थानच्या हवामानखात्याचें मुख्य ठाणें पुण्यास होतें. १९२८ पासून १९४४ पर्यंत तें तेथें राहिलें. जहाजांकडून बिनतारी संदेश येत, त्यांवरून नकाशावर रेषा ओढल्या जात, आणि जेथें जहाज नसे तेथें नकाशा कोरा राही. त्या कोऱ्या जागेंतच वादळें जन्म घेत.

ती कोरी जागा भरून काढण्याचें काम १९६० च्या १ एप्रिल रोजीं सुरू झालें. त्या दिवशीं अमेरिकेनें ‘टायरॉस’ नांवाचा पहिला यशस्वी हवामान-उपग्रह आकाशांत सोडला. सुमारें सातशें किलोमीटर उंचीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या या लहानशा यंत्रांत दूरचित्रवाणीचे दोन कॅमेरे होते. तें केवळ ७८ दिवस चाललें. परंतु तेवढ्या अवधींत त्यानें सुमारें तेवीस हजार चित्रें पाठविलीं. तीं चित्रें धूसर होतीं, कांहीं तिरपीं होतीं. तरी सोडल्यानंतर अवघ्या दहाच दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस समुद्रावर घोंघावणारें एक चक्रीवादळ त्यांत दिसलें. ढगांचा पट्टा एका मध्याभोंवतीं गुंडाळत गेलेला होता. पिडिंग्टनचा सर्प अखेर आपल्या खऱ्या रूपानें कागदावर उतरला होता! पुढच्याच वर्षीं, १९६१ च्या सप्टेंबरांत, ‘एस्थर’ हें वादळ जहाज किंवा विमान यांच्या आधीं उपग्रहानें शोधून काढलें.

या घडामोडींशीं मुंबईचाही संबंध आला. १९६५ पर्यंतच्या कांहीं वर्षांत हिंदी महासागराच्या संशोधनाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, आणि तिचें हवामानविषयक केंद्र कुलाब्याच्या वेधशाळेंत होतें. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाचीं चित्रें थेट घेणारें ग्रहणयंत्र तेथें बसविण्यांत आलें. उपग्रह क्षितिजावर येई, कांहीं मिनिटें दृष्टीच्या टापूंत राही व पलीकडे नाहींसा होई. तेवढ्या मिनिटांत अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांवरील ढगांचें चित्र ओळीओळीनें उमटे. पूर्वीं ज्या नकाशावर समुद्र कोरा असे, त्यावर आतां ढगांची वस्ती दिसूं लागली.

येथपर्यंत ही कथा विजयाची आहे. परंतु १९७० च्या नोव्हेंबरांत तिला असें वळण लागलें कीं, पाहण्याच्या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्यांची मान खालीं जावी.

त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत बंगालच्या उपसागरांत वादळ तयार झालें व उत्तरेकडे सरकूं लागलें. अमेरिकन उपग्रहांच्या चित्रांत तें दिसलें; तें अज्ञात नव्हतें, अचानकही नव्हतें. तेव्हांच्या पूर्व पाकिस्तानांतील नभोवाणीवरून धोक्याची सूचनाही देण्यांत आली. आणि तरीही १२ नोव्हेंबरच्या रात्रीं, ऐन भरतीच्या वेळीं, भोला बेट व त्याच्या आसपासचीं चरें यांवर वीस फुटांहून उंच पाणी चढलें. सकाळीं जें दृश्य दिसलें त्याचें वर्णन करण्याचें धारिष्ट फार थोड्यांस झालें. तजुमुद्दीन या एकट्या भागांत पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक माणसें एका रात्रींत नाहींशीं झालीं. एकंदर मृतांची संख्या तीन लाखांपासून पांच लाखांपर्यंत सांगितली जाते. नक्की आंकडा कोणासही कधींच देतां आला नाहीं, कारण मोजणारे आणि ज्यांची मोजदाद करावयाची ते दोघेही पुष्कळ ठिकाणीं एकाच लाटेनें नेले होते. ज्ञात इतिहासांतील हें सर्वांत प्राणघातक चक्रीवादळ होय.

नंतर झालेल्या पाहणींत जी गोष्ट उघड झाली ती अत्यंत विचार करावयास लावणारी होती. वादळ येत आहे हें त्या प्रदेशांतील शेंकडा नव्वदांहून अधिक लोकांच्या कानीं आलें होतें. परंतु भक्कम आश्रयस्थानीं गेलेले लोक शेंकडा एकाच्या आसपास होते. मग हे लोक मूर्ख होते काय? मुळींच नाहीं. आदल्याच महिन्यांत असेंच एक वादळ आलें होतें, त्याचा मोठा बोभाटा झाला होता, आणि मानानें नुकसान थोडें झालें होतें. धोक्याच्या सूचनेंत किती फूट पाणी चढेल, कोठवर येईल व कोणीं कोठें जावें, हें सांगितलेलें नव्हतें. आणि समजा, एकाद्या शेतकऱ्यानें सूचनेवर पूर्ण विश्वास ठेविला, तरी त्यानें जावें कोठें? सपाट चरावर टेकाड नाहीं, पक्कें घर नाहीं, रात्रीची नाव नाहीं. मागें गुरें आहेत, कापणीस आलेलें भात आहे. ज्याला जावयास जागा नाहीं त्याला दिलेली सूचना ही सूचना नव्हे, ती केवळ मरणाची आगाऊ वर्दी होय. आकाशांतला डोळा उघडा होता. परंतु त्या डोळ्यापासून किनाऱ्यावरील कानापर्यंत आणि कानापासून पायांपर्यंत जो रस्ता असावयास पाहिजे होता, तो कोणी बांधलाच नव्हता.

या आपत्तीचे राजकीय परिणामही खोल झाले. मदतीस झालेल्या विलंबाचा संताप डिसेंबरच्या निवडणुकींत प्रकट झाला, आणि १९७१ सालीं बांगला देश स्वतंत्र झाला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट १९७२ सालची. त्या वर्षीं नव्या देशांत रेडक्रॉसच्या साहाय्यानें वादळास तोंड देण्याची एक योजना सुरू झाली. गांवोगांवचे स्वयंसेवक निवडण्यांत आले. त्यांच्या हातीं रेडिओ, निशाण व कर्णा देण्यांत आला. उपग्रहाचें चित्र राजधानींत वाचलें जावें, त्याचा अर्थ बिनतारी यंत्रानें तालुक्याच्या ठिकाणीं जावा, आणि तेथून गांवचाच ओळखीचा मनुष्य सायकलीवरून दारोदार जाऊन सांगेल, अशी ही सांखळी. परक्याच्या आवाजापेक्षां शेजाऱ्याच्या आवाजावर मनुष्याचा विश्वास अधिक बसतो, हें साधें सत्य शास्त्रानें या वेळीं प्रथम हिशेबांत धरलें. याच्या जोडीला उंच खांबांवर उभारलेलीं सिमेंटचीं आश्रयगृहें हळूहळू बांधण्यांत येऊं लागलीं.

दरम्यान चित्र वाचण्याची विद्याही पुढें गेली होती. ढगांचें चित्र दिसलें म्हणजे वादळाचें बळ कळलें असें होत नाहीं. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत एक पद्धति बसविली; ढगांचे पट्टे मध्याभोंवतीं किती गुंडाळले आहेत, डोळा किती स्पष्ट आहे, यांवरून वादळास एक ते आठ असे अंक द्यावयाचे व त्या अंकांवरून वाऱ्याचा वेग अजमावयाचा. वैद्य ज्याप्रमाणें नाडी पाहून ज्वराची तीव्रता सांगतो, त्याप्रमाणेंच हें होय. रात्रीं साधा कॅमेरा आंधळा होतो. तेथें उष्णतेचे अदृश्य किरण टिपणारीं यंत्रें उपयोगीं पडलीं. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड, आणि जितका थंड तितकें त्याखालचें वादळ बहुधा जोरकस, हें त्यावरून समजूं लागलें.

भारतानें याबाबतींत स्वतःचा डोळा मिळविला तो १९८३ सालीं. आधीच्या वर्षीं सोडलेला ‘इन्सॅट’ मालिकेंतला पहिला उपग्रह कांहीं महिन्यांतच निकामी झाला होता. दुसरा मात्र उत्तम चालला. विषुववृत्तावर सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून हा उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याशीं गति जुळवून घेतो, म्हणून तो एकाच जागीं खिळल्यासारखा राहतो आणि आपल्या खालचा सागर अहोरात्र पाहूं शकतो. त्याचें आणखी एक वैशिष्ट्य होतें. हवामानाचा कॅमेरा आणि दूरध्वनि, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांचीं यंत्रें एकाच उपग्रहांत बसविलेलीं होतीं. जो पाहतो तोच बोलतो, अशी ही रचना. त्याच दशकांत मद्रास व आंध्र यांच्या किनाऱ्यावरील कांहीं गांवांत अशीं यंत्रें ठेवण्यांत आलीं, कीं उपग्रहामार्फत आलेला संकेत मिळतांच तीं आपोआप भोंगा वाजवीत आणि नंतर स्थानिक भाषेंत सूचना ऐकवीत. १९७७ च्या नोव्हेंबरांत आंध्रांतील दिवीसीमा भागांत दहा हजारांच्या घरांत माणसें बुडालीं होतीं. त्या दुःखाची आठवण या योजनेच्या मागें होती.

तथापि, यंत्र आलें म्हणजे व्यवस्था आली असें होत नाहीं, याचा दाखला १९९९ सालीं पुन्हां मिळाला. त्या वर्षीं ऑक्टोबरच्या २९ तारखेस ओडिशाच्या किनाऱ्यावर पारादीपजवळ ताशीं सुमारें २६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचें महाचक्रीवादळ येऊन आदळलें. उपग्रहांच्या चित्रांत तें कित्येक दिवस दिसत होतें. त्याचा गोल, रेखीव डोळा कोणाही शिकाऱ्यास दाखवितां यावा इतका स्पष्ट होता. परंतु आश्रयगृहें अगदीं थोडीं होतीं, दूरध्वनीच्या तारा पहिल्याच तडाख्यांत तुटल्या, आणि सबंध प्रदेश कांहीं दिवस जगापासून तुटून पडला. सुमारें दहा हजार माणसें गेलीं; त्यांतील फार मोठा भाग एरसमा परिसरांतला. भोलाच्या घटनेस एकोणतीस वर्षें लोटलीं होतीं, डोळा पूर्वींहून कितीतरी तीक्ष्ण झाला होता, आणि कान तेथेंच होता.

याच वर्षीं संकटानंतरच्या मदतीकरितां जगांतील अंतराळसंस्थांनीं एक करार करण्याचें मनावर घेतलें. व्हिएन्ना येथें भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेच्या निमित्तानें युरोपीय व फ्रेंच संस्थांनीं त्याचा आरंभ केला, २००० च्या नोव्हेंबरपासून तो अमलांत आला, आणि पुढच्या वर्षीं भारतही त्यांत सामील झाला. कोठेंही मोठी आपत्ति ओढवली कीं, ज्या देशाचा उपग्रह त्या जागेवरून जात असेल त्यानें तेथील चित्रें विनामूल्य द्यावींत, असा हा करार. पुराच्या दिवसांत ढग हटत नाहींत, आणि साध्या कॅमेऱ्यास ढगांखालचें कांहींच दिसत नाहीं. अशा वेळीं रडारचे उपग्रह कामीं येतात. ते स्वतःच्या लहरी खालीं सोडतात आणि त्यांचे परतलेले पडसाद टिपतात; लहरी ढगांतून व अंधारांतून पार होतात. सपाट पाण्यावरून त्या दुसरीकडे परावर्तित होतात, म्हणून पाणी चित्रांत काळें दिसतें. जमीन मात्र उजळ दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रांत अशा काळ्या-उजळ चित्रांवरून कोणतीं गांवें बुडालीं, कोणता रस्ता उघडा आहे, याचे नकाशे तयार होतात. लॉरेन्सनें पतंगावरून जें कांहीं आठवड्यांनीं साधलें, तें आतां कांहीं तासांत वा एक-दोन दिवसांत साधूं लागलें.

ओडिशानें १९९९ च्या दुःखापासून जो धडा घेतला, तो मात्र चित्रांचा नव्हे, चित्रापुढील कामाचा होता. त्याच वर्षीं तेथें आपत्तिनिवारणाचें स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालें. किनाऱ्यावर आश्रयगृहें बांधण्यांत आलीं. एरवीं त्यांपैकीं पुष्कळांत शाळा भरते, म्हणून तीं बंद पडून मोडत नाहींत. गांवकऱ्यांच्या तुकड्यांकडून वादळ नसतांनाही वादळाचा सराव करून घेण्यांत येऊं लागला. म्हाताऱ्यास कोणी उचलावें, दिवस भरलेल्या स्त्रीस आधीं कोणी न्यावें, हें आगाऊ ठरूं लागलें. २०१३ च्या ऑक्टोबरच्या १२ तारखेस ‘फायलिन’ हें जबरदस्त वादळ गोपाळपूरजवळ आलें. त्याच वर्षींच्या जुलईंत सोडलेला नवा भारतीय हवामान-उपग्रह आणि जुना ‘कल्पना’ यांच्या साहाय्यानें त्याचा मार्ग पाहिला गेला, आणि तें येण्यापूर्वींच ओडिशा व आंध्र मिळून सुमारें दहा लाख लोक हलविण्यांत आले. घरें पडलीं, झाडें पडलीं, शेतें बुडालीं. परंतु मृतांची संख्या शंभराच्याही आंत राहिली. २०१९ च्या मेमध्यें ‘फनी’ वादळाच्या वेळींही बारा लाखांहून अधिक लोक हलविले गेले.

पलीकडच्या बांगला देशाची कथाही हेंच सांगते. १९७० सालीं तीन ते पांच लाख. १९९१ सालीं, आश्रयगृहें अपुरीं असतांना, सुमारें एक लाख अडतीस हजार. २००७ च्या ‘सिद्र’ वादळांत तीन ते चार हजार. आणि २०२० च्या ‘अंफन’ वादळांत, वीस लाखांहून अधिक लोक हलविल्यानंतर, शंभराहूनही कमी. समुद्र तोच, तळ तोच, वादळांचा जोरही उणावलेला नाहीं. उपग्रहाचा डोळा तर १९७० सालींही होता. म्हणजे पन्नास वर्षांत जो फरक पडला, त्याचें श्रेय केवळ त्या डोळ्यास देणें न्यायाचें होणार नाहीं. चित्र आणि मनुष्य यांच्यामध्यें जी माणसांची सांखळी उभी राहिली, तिला त्याचा मोठा वांटा दिला पाहिजे.

या डोळ्यालाही मर्यादा आहेत, हें महाराष्ट्रानें स्वतः अनुभविलें आहे. २०१४ च्या जुलईच्या ३० तारखेस पहांटे, पुणें जिल्ह्यांतील माळीण या गांवावर डोंगराचा कडा कोसळला व दीडशेंच्या आसपास माणसें मातीखालीं गेलीं. आकाश पावसाळी ढगांनीं व्यापलेलें होतें. ही बातमी प्रथम जगास कळली ती कोणत्याही उपग्रहाकडून नव्हे. एसटीची गाडी घेऊन आलेल्या चालकास रोजच्या ओळखीचें गांव जागेवर दिसलें नाहीं, आणि त्यानें ती वार्ता बाहेर पोंचविली. चक्रीवादळ शेंकडों मैल रुंद असून दिवसेंदिवस सरकत येतें. डोंगराचा कडा क्षणांत कोसळतो. पहिलें वरून पाहतां येतें. दुसऱ्याबाबत फार तर कोणता उतार धोक्याचा आहे, हें आगाऊ सांगतां येतें, आणि तें सांगणें गांवापर्यंत पोंचलें पाहिजे. पुढें २०२० च्या जूनच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां सूचना वेळेवर मिळून हजारों माणसें सुरक्षित जागीं नेण्यांत आलीं. परंतु श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. माणूस उठून आश्रयास जाऊं शकतो. आजोबांनीं लावलेलें झाड जाऊं शकत नाहीं. वांचलेल्या मनुष्यास पुन्हां उभें करण्याचें काम चित्रानें संपत नाहीं, तेथें तें सुरू होतें.

पिडिंग्टनजवळ जहाजांच्या रोजनिशा होत्या, लॉरेन्सजवळ पतंग होते, आजच्या शास्त्रज्ञाजवळ आकाशांत खिळलेला डोळा आहे. या तिन्ही काळांत एक गोष्ट समान राहिली: पाहणारा दूर होता आणि सोसणारा जवळ. त्या दोघांमधील अंतर उपग्रहाच्या उंचीनें मोजावयाचें नसून, सूचना ऐकल्यावर दिवा घेऊन दाराबाहेर पडणाऱ्या मनुष्याच्या विश्वासानें मोजावयाचें आहे. भोलाच्या रात्रीं तो विश्वास नव्हता आणि जावयास जागाही नव्हती. गोपाळपूरच्या रात्रीं दोन्ही होतीं. उंचावरून घेतलेलें चित्र कितीही स्वच्छ असलें, तरी तें खालीं उतरून एका ओळखीच्या आवाजांत बोलूं लागेपर्यंत अपुरेंच राहतें.